आत्मविश्वासाचा वर्ग : शनिवार वाया, रविवार वसूल

‘न्यूनगंड घालवा’, ‘सभाधीट व्हा’, ‘नवे व्यक्तिमत्त्व घडवा’ अशा आश्वासनांचे फलक गोव्यात फोंड्यापासून म्हापशापर्यंत कोणत्याही बाजारपेठेत आता सहज दिसतात आणि रविवारच्या वर्तमानपत्राची घडी उघडताना त्यांची पत्रकेही हटकून मांडीवर पडतात. त्यांपैकी फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका खासगी वर्गाचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. वर्गाचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. एका संस्थेला डोक्यावर घेणे किंवा झोडपणे हा या परीक्षणाचा हेतू नाही, आणि हाती आलेल्या पत्रकांवरून पाहता इतर वर्गांची बांधणीही फारशी वेगळी नसावी, त्यामुळे दुसरीकडे पैसे भरू पाहणाऱ्यालाही यातील काही उपयोगी पडेल. माझे मत आधीच सांगून टाकते. या अभ्यासक्रमाचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या संस्थांनी चालवावेत इतके परस्परविरोधी आहेत. शनिवारची व्याख्याने निरुपयोगी, किंबहुना काही जणांना अपायकारक आहेत. रविवारचा सराव मात्र एकटाच सगळ्या शुल्काच्या मोलाचा आहे. आत्मविश्वास आधी मनात निर्माण करावा आणि मग कामाला हात घालावा, हे शनिवारचे गृहीतक आहे. काम आधी कसेबसे का होईना पार पाडावे आणि विश्वास त्याच्या मागून येऊ द्यावा, हे रविवारचे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात अशा. शुल्क ८,५०० रुपये असून ते एकरकमी भरावे लागते आणि पहिल्या आठवड्यानंतर परत मिळत नाही. तुकडीत वीसच्या आत माणसे घेतात, ही गोष्ट चांगली. सत्रे शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी होतात. माध्यम मराठी असल्याचे पत्रकात म्हटले आहे, प्रत्यक्षात बोलणे मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून चालते आणि त्याचे कुणालाच वावडे नसते. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात, पंखे चालत नाहीत. वाहन लावायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग आहे.

वर्गाला येणारी माणसे कोण असतात, हे सांगणे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ‘आत्मविश्वास नाही’ या एकाच तक्रारीच्या पोटात किती वेगवेगळी दुखणी असतात ते तेथेच कळते. आमच्या तुकडीतले निम्म्याहून अधिक लोक मराठी प्राथमिक शाळेतून आलेले होते. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात आणि पाचवीला मूल एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडते. काल वर्गात पहिला हात वर करणारे मूल आज बाकाखाली पाहत बसते, आणि पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी ते बाकाखाली पाहणे पुष्कळांच्या अंगातून जात नाही. ज्या कुंडई औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात मी लेखा विभाग सांभाळते, तेथे महिन्याचे आकडे वर्षानुवर्षे मी तयार करायचे आणि बैठकीत ते दुसऱ्याने वाचायचे, अशी व्यवस्था आपोआप होऊन बसली होती. मी तेवढ्यासाठी आले होते. माझ्या शेजारी बसणारी बाई पंचायत सदस्य, म्हणजे पंच होती; गोव्यात पंचायतीच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि अशाच प्रभागातून ती निवडून आली होती, पण ग्रामसभेत तिच्या वतीने उत्तरे तिचे यजमान देत. मसाल्याच्या बागेत पर्यटकांना माहिती देणारा एक तरुण होता. एक नुकतीच बँक अधिकारी झालेली मुलगी होती, जिला परीक्षेत उत्तम गुण असूनही आपली निवड चुकून झाली असून एक दिवस ती उघडकीस येईल असे वाटत असे. या शेवटच्या अवस्थेवर पॉलिन क्लान्स आणि सुझन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावरून लिहिले होते. यश मिळत गेल्याने ही भीती कमी होत नाही, कारण प्रत्येक यशाचे श्रेय ही माणसे नशिबाला किंवा दुसऱ्याच्या मेहेरबानीला देऊन मोकळी होतात, असे त्यांना आढळले. त्या मुलीचे बोलणे ऐकताना त्याचा पुरेपूर प्रत्यय येत होता.

अशा नाना तऱ्हेच्या माणसांना शनिवारचे सर एकच औषध देत. वीस माणसांच्या खोलीत कानाला लावायचा माइक घालून ते बोलत, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरोबर की नाही?’ असे विचारून टाळ्या घेत. अभ्यासक्रमाबरोबर जी गुळगुळीत कागदाची पुस्तिका मिळते ती याच व्याख्यानांवर आधारलेली आहे आणि तिच्यातील तीन मोठे दावे मी घरी येऊन पडताळून पाहिले.

पहिला दावा असा की, माणसाच्या बोलण्याचा ९३ टक्के परिणाम देहबोली आणि आवाज यांवर अवलंबून असतो, शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आले आहेत. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले होते. भावना आणि वृत्ती यांपलीकडच्या बोलण्याला हे प्रमाण लागू होत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेले आहे. ग्रामसभेत गटाराच्या कामाच्या निविदेविषयी प्रश्न आला तर आमच्या पंच बाईंनी ७ टक्के उत्तर द्यावे आणि उरलेल्या ९३ टक्क्यांत हातवारे करावेत, असा पुस्तिकेच्या दाव्याचा अर्थ निघतो. गोव्याच्या ग्रामसभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

दुसरा दावा कंबरेवर हात ठेवून, पाय फाकवून, छाती काढून दोन मिनिटे उभे राहण्याचा. त्याने रक्तातील संप्रेरके बदलतात आणि धैर्य येते, असे पुस्तिका सांगते. २०१० साली ४२ जणांवर केलेल्या एका प्रयोगात असे आढळले होते हे खरे. परंतु २०१५ साली सुमारे २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत असा फरक दिसला नाही, आणि मूळ अभ्यासाच्या प्रथम लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ साली या परिणामावर आपला विश्वास राहिलेला नाही असे जाहीरपणे सांगितले. ताठ उभे राहिल्याने क्षणभर बरे वाटत असेल, त्याला माझी हरकत नाही. ८,५०० रुपयांत विकण्याजोगी ती गोष्ट नव्हे, एवढेच.

तिसरा प्रकार मात्र मला केवळ पोकळ वाटला नाही, तर चुकीचा वाटला. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी सर्वोत्तम आहे, मला सर्व काही जमते’ असे मोठ्याने म्हणायचे आणि म्हटल्याची नोंद पुस्तिकेतील चौकटीत करायची. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अशाच धाटणीचे वाक्य लोकांना म्हणायला लावून परिणाम पाहिला होता. ज्यांना स्वतःविषयी मुळातच बरे वाटत होते त्यांना किंचित अधिक बरे वाटले, आणि ज्यांना स्वतःविषयी शंका होती त्यांना पूर्वीपेक्षा वाईट वाटले. म्हणजे ज्याच्यासाठी औषध काढले, त्यालाच ते बाधते. यामागचे कारण समजायला अवघड नाही. आपल्याला जमत नाही असे ज्याला मनातून वाटते, तो ‘मला सर्व काही जमते’ असे म्हणू लागला की त्याचे मन लगेच न जमलेल्या गोष्टींचा पाढा वाचू लागते. आमच्या तुकडीतील बँकेच्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात चौकटी भरणे सोडून दिले. सर मात्र ज्याच्या चौकटी सर्वांत जास्त भरल्या त्याला पेन बक्षीस देत राहिले.

रविवारचा वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत त्यांनी एके काळी कामे केली आहेत, आणि त्यांच्याकडे पुस्तिका नाही. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला भाषण करायला सांगितलेच नाही. जागेवर बसून, मान खाली घालून चालेल, पण खोलीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गोव्याच्या सरकारी कदंब बसचे वेळापत्रक वाचायचे, एवढेच काम होते. वेळापत्रकात चूक होण्यासारखे काही नसते आणि कुणाला प्रभावित करण्यासारखेही काही नसते, त्यामुळे फक्त आवाज उरतो. पुढच्या खेपेस उभे राहून एक प्रश्न विचारायचा. त्यानंतर आपल्या रोजच्या कामाविषयी दोन मिनिटे, हातात कागद न घेता. मग तेच, पण मध्येच कुणीतरी टोकणार हे ठाऊक असताना. मग वर्गाबाहेर : बाजारात एखाद्या दुकानी जाऊन घेतलेली वस्तू बदलून मागायची आणि काय घडले ते येऊन सांगायचे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच होती. ज्याला ती जड जाई त्याला बाई मागच्या पायरीवर परत पाठवत, आणि त्यात कमीपणा आहे असे कुणाला वाटू देत नसत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली, एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली होती. त्यांनी चार उगम सांगितले : स्वतः ते काम करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपल्या शरीरात त्या वेळी होणाऱ्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला सर्वांत बळकट आणि नुसता शब्दांचा धीर त्यामानाने कमजोर, असे त्यांचे म्हणणे होते. सापाला घाबरणाऱ्यांना बांडुरा यांनी उपदेश केला नाही. त्यांच्या प्रयोगात आधी दुसरा माणूस साप हाताळताना दाखवत, मग टप्प्याटप्प्याने त्यांनाच जवळ नेत आणि शेवटी साप त्यांच्या हातात देत. बाईंनी बांडुरा वाचले आहेत की नाही हे मी विचारले नाही, पण त्यांचा रविवार या मांडणीबरहुकूम चालतो आणि सरांचा शनिवार नुसत्या शब्दांच्या कमजोर उगमावर उभा आहे.

या पद्धतीचा गुण एका प्रसंगावरून सांगता येईल. मसाल्याच्या बागेतील तरुण आपल्या कामाविषयी बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, ‘सॉरी, माझे इंग्लिश चांगले नाही.’ पुढची दोन मिनिटे तो इतक्या घाईने बोलला की काय सांगितले ते कुणालाच कळले नाही. बाईंनी उच्चार, व्याकरण, उभे राहण्याची ढब यांविषयी चकार शब्द काढला नाही. ‘ते पहिलं वाक्य पुढच्या वेळी म्हणू नका, आणि येताना एक जायफळ घेऊन या, फळासकट,’ एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्याने टेबलावर पिवळे, तडकलेले फळ ठेवले आणि आधी कोकणीतून बोलायला सुरुवात केली. फळ झाडावरच कसे उकलते, आत बीला लपेटलेली लालभडक जायपत्री कशी दिसते, ती फाटू न देता बोटांनी अलगद कशी सोडवायची, वाळल्यावर तिचा लाल रंग कसा उतरतो, आणि वरच्या सालीचे लोणचे घरोघरी कसे घालतात, हे सांगताना त्याचे हात फळावर चालत होते आणि डोळे समोरच्या माणसांवर होते. मग बाईंनी तेच मराठीत सांगायला लावले, कारण बागेत येणारे पुष्कळ पर्यटक कोल्हापूर-सांगलीकडचे असतात, आणि शेवटी इंग्रजीत. इंग्रजी काही बदलले नव्हते. क्रियापदे पूर्वीइतकीच मोडकी होती. पण या खेपेस आम्हाला जायपत्री कशी सोडवतात ते कळले. त्याला जे येत नव्हते त्याची माफी मागण्यात त्याचा सगळा वेळ जात होता आणि जे येत होते ते मागे राहत होते. ही गोष्ट त्याला शब्दांनी सांगितली असती तर त्याने मान डोलावली असती, आणि बागेत जाऊन पुन्हा ‘सॉरी’पासूनच सुरुवात केली असती.

अभिप्रायाची पद्धतही उल्लेखनीय आहे. प्रत्येक बोलणाऱ्यानंतर ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या : मला काय कळले आणि मला काय ऐकू आले नाही. ‘छान’, ‘उत्तम’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा शब्दांना तेथे बंदी आहे. सुरुवातीला हे रुक्ष वाटते, कारण शनिवारच्या टाळ्यांची सवय झालेली असते. परंतु ‘तिसऱ्या तिमाहीचा आकडा सांगताना तुमचा आवाज बसला’ अशी चिठ्ठी हाती आली की तिसऱ्या तिमाहीचे काहीतरी करता येते, आणि ‘छान’चे काहीच करता येत नाही. स्वतःविषयी शंका असलेल्या माणसाला कौतुक पटत नाही, हे बाईंना पक्के ठाऊक असावे. त्याला पुरावा लागतो.

मोबाइलवर चित्रण करून ते ज्याचे त्याला दाखवणे हा भाग मला सर्वांत नकोसा होता. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात परका आणि पातळ वाटतो, याचे कारण शारीरिक आहे : बोलताना आपण स्वतःला हवेतून जसे ऐकतो तसे कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि मुद्रणात तो दुसरा भाग नसतो. ते सोडून द्यावे. खरी उपयोगी गोष्ट पुढची होती. उभी असताना माझे हात इतके थरथरत असल्याचे मला जाणवत होते की मागच्या रांगेतल्यांनाही ते दिसत असणार अशी माझी खात्री होती. चित्रणात हात स्थिर दिसत होते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले होते. बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघड दिसते असे वाटते तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही, आणि एवढी एक गोष्ट आधी समजावून सांगितली तरी माणसे अधिक चांगली बोलतात. धडधड थांबवण्याचे कोणतेही तंत्र बाईंनी शिकवले नाही. ती होणारच, आणि जत्रेच्या दिवशीही छातीत अशीच धडधड होते, तेव्हा तिला कुणी भीती म्हणत नाही, असे त्या म्हणाल्या. हार्वर्डमधील ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आला आहे’ असे सांगणाऱ्यांची भाषणे सरस ठरली होती, त्याच्याशी हे जुळते. ‘मी सर्वोत्तम आहे’ आणि ‘माझ्या छातीत उत्साह आहे’ ही दोन्ही स्वतःशी बोललेलीच वाक्ये. पहिले वाक्य खोटे असल्याची बोलणाऱ्याला शंका असते, आणि दुसऱ्याची साक्ष द्यायला त्याची छाती खरोखरच धडधडत असते.

आता एक प्रश्न कुणीही फोंडेकर विचारील : यासाठी पैसे कशाला मोजायचे? तालुक्यातल्या देवळादेवळांतून उत्सवात गावकऱ्यांची मराठी नाटके होतात, महिना महिना तालमी चालतात, आणि दिवसा चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस रात्री रंगमंचावर सम्राट होऊन गर्जतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्याच्या गावात ही सोय आहे त्याने ती आधी वापरावी असेच मी म्हणेन. तथापि त्या परंपरेच्या दोन मर्यादा आहेत. अनेक गावांत स्त्री-भूमिका पुरुषांनी कराव्यात किंवा बाहेरून नटी आणावी अशीच रीत दीर्घकाळ होती, त्यामुळे घरच्या बायकांच्या वाट्याला रंगमंच फार उशिरा आला. दुसरे असे की, नाटकात संहिता दुसऱ्याची असते आणि पडद्याआड प्रॉम्प्टर बसलेला असतो. उत्तम नट असलेले आमच्या कार्यालयातील एक गृहस्थ बैठकीत स्वतःचे मत मांडायची वेळ आली की अडखळतात, हे मी रोज पाहते. दुसऱ्याच्या शब्दांत निर्भय असणे आणि स्वतःच्या शब्दांत निर्भय असणे यांत अंतर आहे, आणि रविवारचा वर्ग त्या अंतरावरच काम करतो. पंच बाईंच्या सरावासाठी खोटी ग्रामसभा भरवली गेली तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाई स्वतः तावातावाने ओरडणारा ग्रामस्थ झाल्या आणि त्यांनी तिला एका वाक्यापुढे बोलू दिले नाही. तिने आवाज चढवला नाही. तेच वाक्य तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटले, आणि पुन्हा टोकल्यावर पुन्हा. खरी ग्रामसभाही रविवारीच आली, म्हणून एका सत्राला ती आली नाही. नंतर आली तेव्हा, आपण उत्तर दिले आणि यजमान मागे बसले होते, एवढेच सांगून खुर्चीवर बसली.

या वर्गाचा गंभीर दोष प्रवेशाच्या वेळचा आहे. कोण कोणत्या त्रासाने आले आहे, याची कसलीही चौकशी प्रवेश देताना होत नाही. आमच्याबरोबर एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती. तिला चारचौघांत बोलायचे म्हटले की श्वास अडे, बोटे बधिर होत, आणि हे कित्येक महिने चालू असल्याने तिने महाविद्यालयात जाणेच कमी केले होते. ‘म्हाका जमचें ना’ (मला जमणार नाही), एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणे. सरांनी तिला सर्वांसमोर उभे करून इच्छाशक्तीवर व्याख्यान दिले, जे मला अत्यंत अनुचित वाटले. बाईंनी नंतर तिला बाजूला घेऊन डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला दिला. संकोच, सवयीचा अभाव आणि उपचारांची गरज असलेली चिंता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसऱ्या गोष्टीवर कोणताही वर्ग पुरेसा नसतो. बांबोळी येथे सरकारची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आणि केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ही माहिती गुळगुळीत पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापायला फारसा खर्च येणार नाही.

दुसरा दोष धंद्याचा. शेवटचा शनिवार जवळजवळ संपूर्णपणे पुढच्या ‘प्रगत निवासी शिबिरा’च्या जाहिरातीत गेला. समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्ट, २२,००० रुपये, आणि समारोपाला निखाऱ्यांवरून चालणे. वरची राख आणि लाकडाचा निखारा उष्णता फार हळू पुढे सोडतात, म्हणून झपझप चालणाऱ्याचा पाय सहसा भाजत नाही. त्यात मनाच्या सामर्थ्याचा भाग थोडा आणि पदार्थविज्ञानाचा जास्त. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत व्रत पाळून होमखंडातून, म्हणजे निखाऱ्यांतून जाणारे धोंड (देवीचे भक्त) ज्या भावनेने जातात तिचा आदरच करावा. पण ते तेथे आत्मविश्वास विकत घ्यायला जात नाहीत, आणि रिसॉर्टमधल्या निखाऱ्यांवरून चालून आलेल्या माणसाला सोमवारच्या बैठकीत बोलता येईल असे मानायला काहीही आधार नाही. बांडुरा यांच्या मांडणीतही विश्वास हा त्या त्या कामापुरता असतो. एका क्षेत्रातला दुसऱ्या क्षेत्रात आपोआप वाहत जात नाही.

किरकोळ तक्रारींपैकी एक स्त्रियांसाठी किरकोळ नाही. सत्र साडेसातला सुटते आणि आडगावांकडे जाणाऱ्या बसेस तोवर विरळ झालेल्या असतात, त्यामुळे केरी-सावईवेरे भागातून येणाऱ्या बायकांना रविवारचा शेवटचा अर्धा तास, म्हणजे सर्वांत मोलाचा भाग, सोडून निघावे लागे. प्रमाणपत्र मिळते, त्याचा उपयोग मला दिसला नाही. अभ्यासक्रम संपल्यावर पुढे सरावाची काहीच सोय नाही, ही उणीव मोठी आहे, कारण असा विश्वास वापरला नाही तर विरतो. आमच्यातल्या काही जणांनी आता महिन्यातून एकदा एकमेकांच्या घरी जमून चिठ्ठ्यांची पद्धत चालू ठेवली आहे.

माझ्यापुरते फलित विचाराल तर बैठकीत आकडे आता मी स्वतः मांडते. पहिले मिनिटभर आवाज कापतो. एखादा आकडा आठवला नाही तर ‘हे मी उद्या सकाळपर्यंत कळवते’ असे सांगते, आणि त्यावर आजवर कुणी भुवई उंचावलेली नाही. सरांनी पत्रकात छापलेले ‘नवे व्यक्तिमत्त्व’ मला मिळालेले नाही आणि मला ते नकोही होते.

म्हणून ज्यांना एखादे ठरावीक काम डोळ्यांसमोर आहे, म्हणजे मुलाखत, बैठक, ग्रामसभा, गिऱ्हाइकाशी बोलणे, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ‘एकूणच आत्मविश्वास वाढावा’ एवढ्या मोघम अपेक्षेने जाणाऱ्याच्या हाती पुस्तिका आणि पेन याखेरीज फारसे लागणार नाही. दुसऱ्या कोणत्याही वर्गात नाव घालताना प्रत्येक सत्रात आपल्याला स्वतःला किती मिनिटे बोलायला मिळेल, हे आधी विचारावे. या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नयेत. केवळ रविवारची सत्रे निम्म्या शुल्कात द्यावीत, अशी लेखी विनंती आमच्या तुकडीने केली आहे. व्यवस्थापकांनी चतुर्थीनंतर सुरू होणाऱ्या तुकडीपासून विचार करू असे सांगितले आहे, तेव्हा त्या सुमारास चौकशीला जाणाऱ्यांनी हा विषय आपणहून काढावा.